हिरव्या पिशवीची कुट्टी

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला आलेल्या तानाबाईनं खताच्या खड्ड्यात दाताळं घातलं. वरचा शेणाचा थर पावसाळ्यात बसून घट्ट झाला होता, तो फुटला. खाली काळं, भुसभुशीत खत लागलं. तिनं पहिली पाटी भरून बांधावर ओतली. दुसऱ्या खेपेला दाताळं अडकलं. मूळ असेल म्हणून तिनं जोर लावला. दात आत घुसले, काहीतरी फसकन फुटलं आणि काळं पाणी तिच्या पिंढरीवर उडालं.

"आगं आई गं!" म्हणत ती मागं सरली आणि पदर नाकाला लावून बांधावर बसली. मग पदरही सोडला आणि ओकली.

वास गोठ्यापर्यंत गेला. राजमती धारेची चरवी घेऊन बाहेर आली.

"काय मेलंय गं? घूस हाय का?"

"घूस परवडली, वैनी. हिकडं या. न्हाय, नका येऊ. तिथनंच बघा."

दाताळ्याच्या दातांना हिरवी पिशवी लोंबत होती. आषाढात खड्ड्यात घातली तेव्हा होती तशीच. तिच्यावर छापलेलं पांढरं पान शाबूत होतं, पानाखालची अक्षरं शाबूत होती. फाटलेल्या जागेतून आतलं जेवण गळत होतं. भात, भाजी, कसली तरी आमटी, सगळं मिळून काळा चिखल झाला होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

तानाबाईनं पिंढरी बांधावरच्या गवताला पुसली. "मातीत घातली की माती हुती म्हणालतं न्हवं तुमचं लेकरू? माझ्या लुगड्याला एवढी टिकायची अक्कल असती तर बरं झालं असतं."

राजमतीचा नवरा आप्पासो मोटरीच्या खोलीकडून आला. तो खड्ड्यात उतरला आणि हातानं खत बाजूला सारलं. आणखी एक पिशवी लागली. तिच्या शेजारी आणखी एक. सगळ्या फुगलेल्या होत्या, गाठी मारलेल्या तशाच होत्या. त्यांच्या भोवतीचं शेण मात्र कुजून छान खत झालं होतं. जिथं पिशवी तिथं तेवढं सडलं होतं.

गावात इतर लोक पावसाळ्यात खड्डा दोनदा उलथतात. आप्पासोच्या घरात ते होत नसे. राजमती लग्न होऊन आली ती हा नियम घेऊनच आली. चातुर्मासात खतात जीव वाढतात, दाताळ्यानं ते चिरडतात, म्हणून आषाढापासून कार्तिकापर्यंत खड्ड्याला हात लावायचा नाही. बाकीच्या जैन घरांतही कुणी एवढं कडक पाळत नव्हतं. राजमती पाळायची आणि तिच्यामुळं आप्पासो पाळायचा. त्यामुळं पिशव्यांचं काय झालं ते चार महिने कुणी बघितलं नव्हतं. नुसतं धरून चालले होते.

पिशव्या त्यांच्या मुलाच्या होत्या. केतनचा कोल्हापूरजवळ खत होणाऱ्या पिशव्या करायचा कारखाना होता आणि राजारामपुरीत फ्लॅट. आषाढात त्यानं फ्लॅटच्या इमारतीतलं आणि एका मेसमधलं उरलंसुरलं त्या पिशव्यांत भरून आणलं, खड्ड्यात शेणाच्या थरांमध्ये रचलं आणि खड्ड्याच्या कडेला आप्पासोला पांढरी टोपी घालून उभं केलं. फोटो काढला. तो फोटो दसऱ्याला पिशव्यांच्या पाकिटावर छापून आला. खाली लिहिलं होतं, 'आप्पासोंच्या शेतात चार महिन्यांत खत.' तेव्हा चार महिने व्हायचेही होते.

"थांब," आप्पासो तानाबाईला म्हणाला. "दाताळं घालू नकोस आता."

त्यानं केतनला फोन लावला.

केतन दुपारी आला. गाडी रस्त्यावर ठेवून तो चालत बांधापर्यंत आला आणि खड्ड्यापासून दहा पावलांवर थांबला. नाकाला रुमाल लावला. बोलताना रुमाल काढायचा आणि बोलून झालं की पुन्हा लावायचा.

"सगळ्या तशाच हायत?"

"उतरून बघ की."

"न्हाय, तुमी म्हणताय ते बास." त्यानं फोनमध्ये तारीख बघितली. "आप्पा, सोमवारी प्रदूषण खात्याच्या मॅडम यायच्या हायत."

"कुठं?"

"हितंच. खड्डा बघायला. पुण्याच्या कुणी तरी अर्ज केलाय, की पिशवी त्येच्या कुंडीत कुजली न्हाय. खात्यानं मला इचारलं, पाकिटावर छापलंय ते कशावरनं छापलं. म्या सांगितलं, गावाकडं आमचा खड्डा हाय, या आणि डोळ्यानं बघा."

"न बघता सांगितलंस?"

"तुमीच म्हंता की, तुमच्या खड्ड्यात लोखंडबी कुजतंय!"

"ती चेष्टा हुती."

तानाबाई पाटीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मग मॅडमला दुसऱ्या कुणाचा तरी खड्डा दाखवा की, केतनदादा. ह्यो झाकून ठेवू."

"फोटो ह्या खड्ड्याचा हाय." केतन आप्पासोकडं वळला. "आणि फोटोत तुमी हायसा, आप्पा. पिशवी खोटी ठरली तर मी मागनं. पैलं तुमी खोटं ठरताय."

गावात बांधावरून वाद निघाला की मोजणीच्या आधी आप्पासोला बोलावणं यायचं. हद्दीचा दगड कुठं होता ते तो सांगायचा आणि दोन्ही बाजू ऐकायच्या. दुसरं असं त्याच्याकडं काही नव्हतं. शेत गावातल्या इतरांएवढंच, म्हशी चार. माणसं त्याच्या बोलण्याला मान द्यायची, एवढंच.

"मग काय करावं म्हंतोस?"

केतननं गोठ्याकडं बघितलं. गोठ्याच्या कडेला चारा बारीक चिरायचं कडबा कुट्टीचं मशीन होतं. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं होतं, उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं फुकट मिळत होतं आणि मशीन रोज दोनदा चालत होतं.

"कुट्टी करायची," तो म्हणाला. "आतलं ओतायचं, पिशव्या वाड्याबरोबर मशीनमधनं काढायच्या आणि परत खतात मिसळायच्या. बारीक झाल्यावर कुणाला कळतंय?"

राजमती गोठ्याच्या दारात उभी होती. "त्या मशीनमधलं म्हशी खात्यात, केतन."

"धुवायचं की, आई."

"तू धुणार हाईस?"

केतननं रुमाल नाकाला लावला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झालं. आप्पासो खड्ड्यात उतरायचा, पिशव्या वर काढायचा. तानाबाई विळ्यानं पिशवीचं तोंड कापून आतला चिखल जुन्या डब्यात ओतायची. पिशवीत कोंडून चार महिने सडलेलं अन्न उघड्यावर सडलेल्यापेक्षा वेगळं असतं. त्याचा वास नाकात राहत नाही, जिभेवर येतो. एका पिशवीत अख्खी चपाती निघाली. तिच्यावर करड्या बुरशीचे केस उगवले होते. एका पिशवीत कुणीतरी अंड्याची टरफलं टाकली होती. राजमतीनं ती बघितली आणि तोंड फिरवलं. तिच्या खड्ड्यात चार महिने अंडी होती.

राजमती मऊ केरसुणी आणि केळीचं पान घेऊन बसली होती. चिखल डब्यात पडला की अळ्या वर यायच्या. त्या ती पानावर झाडून घ्यायची आणि गोठ्यामागच्या ताज्या शेणात नेऊन सोडायची. परत यायची, पान धुवायची, परत बसायची. कंबर दुखायला लागल्यावर तिनं पाट मागवला.

"वैनी, अळ्या त्या. पन्नास मेल्या तरी पाऊणशे हुतील," तानाबाई म्हणाली.

"होऊ देत."

"तुमी त्यास्नी वाचवायलासा आणि मी त्यांचं जेवाण ओतायलोय. धर्म तुमचा, वास माझा."

राजमती हसली, पण हात थांबवला नाही.

दुपारी रिकाम्या पिशव्या मशीनपाशी आणल्या. ओल्या, चिकट, एकमेकींना लिंपलेल्या. आप्पासोनं मशीन सुरू केलं. वाड्याची पेंढी आत सारली, तिच्यात दोन पिशव्या खुपसल्या. रुळांनी पेंढी ओढली, पाती फिरली, पलीकडं कुट्टी पडली. हिरव्या पाल्यात हिरवे तुकडे. खरंच ओळखू येत नव्हते.

"बघा," केतन म्हणाला. तो थोडा वेळ मदतीला म्हणून आला होता आणि पांढऱ्या बुटात गोठ्याच्या पायरीवर उभा होता.

पाचव्या पेंढीला मशीन गुरगुरलं आणि अडलं. पिशवी कापली न जाता रुळाला गुंडाळली होती. आप्पासोनं बटण बंद केलं, तारही काढली, हात आत घातला. पिशवीची दोरी झाली होती. ओढेल तशी लांबत होती, तुटत नव्हती. आतला राहिलेला चिखल त्याच्या कोपरापर्यंत ओघळला. त्यानं विळा मागितला. विळ्यानं खरवडताना पात्याची धार अंगठ्याला लागली. रक्त आलं ते काळ्यात मिसळून दिसेनासं झालं.

"आप्पा, इंजेक्शन घ्या ते," केतन म्हणाला. मग त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत गाडीकडं गेला आणि तिथूनच हात करून निघून गेला.

मशीन दर चार पेंढ्यांना अडत होतं. आप्पासो दर वेळी हात घालत होता. तानाबाई वाडं द्यायची, राजमती पडलेली कुट्टी फावड्यानं ओढून खताच्या ढिगाकडं न्यायची. ऊन कलायला लागलं. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं वास येऊन तोंडाला गमजा लावला आणि ओरडला, "आण्णा, काय शिजवायलासा?"

"तुझं लगीन हाय न्हवं, त्येचं जेवाण," तानाबाईनं उत्तर दिलं.

सगळ्या पिशव्या संपायला संध्याकाळ झाली. आप्पासो आणि राजमती दिवस मावळायच्या आत जेवायचे. दोघं घाईनं न्हाणीत गेले. साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं. राजमतीनं हात नाकाशी नेला आणि परत साबण घेतला. भाकरी दुपारच्याच होत्या, पिठलं टाकायला वेळ लागला नसता. पण हातांना वास होता आणि त्या हातांनी भाकरी मोडायची होती. ती परत परत हात धूत राहिली. न्हाणीच्या झरोक्यातलं ऊन भिंतीवरून वर सरकलं आणि गेलं.

"बुडला दिवस," आप्पासो बाहेरून म्हणाला.

"बुडू दे. मला तसं बी खाववलं नसतं."

दोघं तसेच झोपले.

तानाबाई जाताना सांगून गेली होती. "उद्याच्याला मी येणार न्हाय, वैनी. शेण काढाय बोलवा, येतो. घाम कितीबी गाळंन. पण ह्या हातानं नातवाला घास द्यायचा असतोय मला."

सकाळी राजमतीनं मशीन कढत पाण्यानं धुतलं, सोडा टाकून परत धुतलं. मग वाड्याची कुट्टी करून गव्हाणीत टाकली. थोरली म्हैस पुढं आली. तिनं नाक लावलं, फुर्रकन श्वास सोडला आणि मान फिरवली. दुसरीनं तेवढंही केलं नाही. चौघींनी दिवसभर गव्हाणीला तोंड लावलं नाही. आप्पासोनं विळीवर हातानं वाडं चिरून घातलं तेव्हा त्या खायला लागल्या.

सोमवारी मॅडम आल्या. संयोगिता त्यांचं नाव. वयानं केतनएवढ्याच असतील. बरोबर चालक, एक पेटी आणि सॅम्पलच्या बरण्या. केतननं शहाळी आणून ठेवली होती. त्यांनी ती नको म्हणून सांगितलं आणि सरळ ढिगाकडं आल्या.

ढीग चांगला दिसत होता. आप्पासोनं वरून चाळलेलं खत पसरलं होतं.

संयोगितांनी मूठभर उचललं, चोळलं, नाकाशी नेलं. "वास थोडा वेगळा आहे."

"मेसचं खरकटं हुतं, मॅडम," केतन म्हणाला.

"खड्डा कधी उघडला?"

"पुनव झाल्यावर," आप्पासो म्हणाला.

"त्याआधी एकदाही उलथला नाही? का बरं?"

राजमतीनं नियम सांगितला. संयोगितांनी तो नीट ऐकून घेतला. मधे बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पिशव्या कधी विरघळल्या, कशा विरघळल्या, हे कुणी बघितलेलं नाही. आणि पाकीट दसऱ्याला बाजारात आलं."

"रिझल्ट तर तुमच्या हातात हाय की, मॅडम," केतन म्हणाला. तो फोनवर सगळं चित्रित करत होता.

"एक पाण्याची बादली मिळेल का?"

राजमतीनं बादली आणली. संयोगितांनी दोन ओंजळी खत पाण्यात सोडलं आणि काठीनं ढवळलं. पाणी गढूळ झालं, गरगरलं, संथ झालं. खत तळाला गेलं. पाण्यावर हिरवी साय धरली. नखाएवढे, नखाहून लहान तुकडे.

थोरली म्हैस गोठ्यात पाय आपटत होती.

"हे हिरवं काय आहे?"

"पाला हाय त्यो," केतन म्हणाला.

"तुम्हाला विचारलं नाही." त्या आप्पासोकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "काका, पाकिटावर फोटो तुमचा आहे. खड्डा तुमचा आहे. हे काय आहे ते तुम्ही सांगा."

आप्पासोनं बादलीत बघितलं. अंगठ्याला बांधलेली चिंधी त्यानं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली होती. राजमती त्याच्याकडं बघत होती. केतनही बघत होता, फोनमधून.

"वाड्याचा पाला हाय," आप्पासो म्हणाला. "उसाच्या. कुट्टी करतो आमी मशीनवर, त्यातला."

"नक्की?"

"व्हय."

संयोगितांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती. त्यांनी ढिगातलं खत तीन बरण्यांत भरलं, पाण्यावरची हिरवी साय चमच्यानं काढून चौथ्या बरणीत भरली, झाकणं बंद करून लाख लावली. आप्पासोची सही घेतली.

"प्रयोगशाळेत कळेल," त्या केतनला म्हणाल्या. "एक समजून घ्या. मोठ्या प्रकल्पात ठरावीक उष्णता ठेवून खत होणारी पिशवी वेगळी आणि घरच्या खड्ड्यात खत होणारी वेगळी. तुमच्याकडं पहिलीचा तरी कागद आहे का, तो कार्यालयात आणून दाखवा. पाकिटावर तुम्ही दुसरं छापलंय. त्याला पुरावा लागतो, फोटो चालत नाही. अहवाल येईपर्यंत ते वाक्य छापायचं नाही आणि छापलेलं विकायचं नाही."

"व्हय, मॅडम. शंभर टक्के."

जीप वळली. जाताना संयोगिता राजमतीला म्हणाल्या, "हे खत तुमच्या भाजीला घालू नका, काकी. अहवाल येईपर्यंत तरी."

जीप दिसेनाशी झाल्यावर केतननं शहाळं फोडून घेतलं. "वाचलो," तो म्हणाला. "अहवालाला तीन-चार महिनं लागत्यात. तवर विक्रीचा हंगाम निघतोय. आप्पा, एक काम करा. मूठभर खत हातात घ्या आणि सांगा, चार महिन्यात खत झालं, काय बी उरलं न्हाय. एकदाच."

"मघाशी घेतलंस की."

"त्यात मॅडमचा आवाज मोठा आलाय."

आप्पासोनं मूठ भरली आणि सांगितलं. वारा आला म्हणून परत सांगायला लागलं. तिसऱ्या वेळी टोपी नीट करून सांगायला लागलं.

"आप्पा, जरा हसून. मयताला आल्यागत बोलू नका."

आप्पासो हसला. केतनला ते पसंत पडलं.

त्या दिवशी जेवताना राजमतीनं वाढलं आणि भिंतीला टेकून बसली.

"पाला म्हणालासा," ती म्हणाली.

"मग काय म्हणू? पोराला बेड्या घालून घेऊ?"

"मला काय इचारताय? तोंड तुमचं हाय."

तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली, तूप वाढलं. त्यात काही कमी केलं नाही.

व्हिडिओ गावात पोचायला वेळ लागला नाही. केतननं त्यात मॅडमचा हात, बादली, बरण्यांना लावलेली लाख असं सगळं घातलं होतं. मॅडमचं बोलणं काढून टाकलं होतं. 'सरकारी तपासणी', असं वर अक्षरात लिहिलं होतं. मधे आप्पासो म्हणत होता, वाड्याचा पाला हाय. शेवटी हसून म्हणत होता, काय बी उरलं न्हाय.

दोन दिवसांनी शेजारच्या रानातला आकाराम ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन आला. बरोबर दोन गडी. त्याचा ऊस तुटून गेला होता आणि मोकळ्या झालेल्या रानात मिरची लावायची होती.

"आण्णा, खत न्यायला आलोय," तो ट्रॅक्टरवरूनच ओरडला. "सगळा ढीग नेतो."

"हे खत न्हाय द्यायचं, आकाराम."

"केतनशी बोलणं झालंय माझं. तो म्हणाला, घेऊन जा."

"केतनचं सोड. मी न्हाय म्हंतोय."

आकाराम खाली उतरला. आप्पासोच्या जवळ येऊन बसला, तंबाखू मळायला लागला. "का ओ? दुसऱ्या कुणाला सांगितलंसा व्हय?"

"न्हाय." आप्पासोनं इकडं तिकडं बघितलं. "त्यात पिशव्या हायत. कुजल्या न्हाईत. आमी मशीनमधनं कुट्टी करून घातल्यात."

आकारामनं मळणं थांबवलं. मग मोठ्यांदा हसला. "आण्णा, द्यायचं नसंल तर सरळ न्हाय म्हणा की. ही कुठली गोष्ट काढलासा!"

"गोष्ट न्हाय. खरं सांगायलोय. तुझ्या रानात गेलं तर निघायचं न्हाय परत. वेचून वेचून मरशील."

"मला नुसतं सांगा, कुणाला द्यायचं ठरलंय? गडहिंग्लजच्या पावण्यास्नी?"

आप्पासो उठला. घरातून बादली आणली, हौदातलं पाणी भरलं, ढिगातलं खत ओंजळीनं आत सोडलं आणि हातानंच ढवळलं. खत खाली बसलं. हिरवी साय वर आली.

"हे बघ."

आकारामनं वाकून बघितलं. एक तुकडा बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला. "पाला हाय की."

"प्लास्टिक हाय."

"पाला हाय, आण्णा. वाड्याचा. बाईला तुमीच सांगितलासा." त्यानं खिशातून फोन काढला आणि लावला. फोनमधला आप्पासो बोलला. गडी ऐकत होते. आकारामनं फोन खिशात घातला. "सरकारी बाईम्होरं खोटं बोललासा आणि माझ्याम्होरं खरं बोलायलासा व्हय?"

आप्पासोला वाटलं, व्हय म्हणावं. तो तोंडातल्या तोंडात म्हणालाही. "व्हय."

"काय?"

"व्हय म्हणालो. तिला खोटं सांगितलं."

आकारामनं त्याच्याकडं बघितलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "आण्णा, माझ्या बाच्या आणि पाटलाच्या बांधाचं तुमी सांगितलासा. आमच्या इरुद्ध सांगितलासा. माझ्या बानं ऐकलं, का तर आप्पासो खोटं बोलत न्हाय म्हणून. चार हात रान गेलं आमचं. आज दोन ट्रॉली शेणखतासाठी तुमी मला सांगताय की तुमी खोटं बोलता?"

आप्पासोनं बादली त्याच्याकडं सरकवली.

"ते मला खोटं वाटतंय," आकाराम म्हणाला आणि गड्यांकडं वळला. "भरा रं."

गड्यांनी पाट्या उचलल्या. आप्पासो ट्रॉलीच्या आडवा उभा राहिला. आकारामनं त्याचा दंड धरला, जोरात नाही, आजारी माणसाला धरावं तसा, आणि त्याला बाजूला घेतलं.

"बसा तुमी. ऊन लागलंय तुमास्नी."

ढीग दुपारपर्यंत उचलला गेला. राजमती गोठ्याच्या दारातून बघत होती. गडी ट्रॉलीवर खत चेपत होते आणि सुकलेल्या खतातले हिरवे तुकडे वाऱ्यानं उडून त्यांच्या घामेजलेल्या पाठींना चिकटत होते. निघताना आकारामनं रिवाजाप्रमाणं हात जोडले. पण आण्णा म्हणून हाक मारली नाही.

ट्रॅक्टर बांधावरून खाली गेला. आप्पासोनं बादली उचलली. पाणी संथ झालं होतं आणि साय तशीच होती. तो भाजीच्या वाफ्याकडं निघाला, थांबला. हौदाकडं वळला, त्यातलं पाणी म्हशी पीत होत्या. पाटात ओतलं तर ते खालच्या रानात जाणार होतं. रिकाम्या खड्ड्यात ओतावं म्हणून तो कडेला गेला, तर खाली ओलाव्याला गांडुळं वर आली होती आणि राजमती बघत होती.

तो बादली हातात घेऊन तिथंच उभा राहिला. दांडीचा भार जखमेच्या अंगठ्यावर येत होता, तरी त्यानं हात बदलला नाही.